द गनफायटर (१९५०): जिमी रिंगोला खरंच शांत आयुष्य हवं होतं का?

निवडुंग

या हॉलिवूड वेस्टर्नबद्दल शेवटासकट लिहितोय, ज्यांनी पाहिला नाहीये त्यांनी आधी पाहून या. कृष्णधवल आहे, ८५ मिनिटांचा आहे, एका संध्याकाळचं काम.

ज्यांनी पाहून बरेच दिवस झालेत त्यांच्यासाठी थोडक्यात. जिमी रिंगो (ग्रेगरी पेक) हा त्या मुलखातला सगळ्यात जलद बंदूकवाला म्हणून गाजलेला माणूस. आता थकलाय. सुरुवातीलाच एका बारमध्ये एडी नावाचा पोरगा उगाच त्याची कळ काढतो, आधी बंदूक उपसतो आणि मरतो. एडीचे तीन भाऊ मागावर निघतात. रिंगो वाटेत त्यांना अडवून त्यांची हत्यारं काढून घेतो, घोडे पळवून लावतो आणि पुढे केयेन नावाच्या गावात येतो, कारण तिथे त्याची बायको पेगी वेगळ्या नावाने शाळामास्तरीण म्हणून राहते आणि आठ वर्षं न पाहिलेला मुलगा आहे. गावचा मार्शल मार्क स्ट्रेट हा एकेकाळी रिंगोच्याच टोळीतला. तो सांगतो निघून जा. रिंगो म्हणतो बायकोला भेटल्याशिवाय जाणार नाही. मग जवळजवळ सगळा सिनेमा तो सलूनमध्ये (म्हणजे तिथल्या दारूच्या बारमध्ये) बसून वाट बघतो, भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकतं, बाहेर शाळा बुडवून आलेली पोरं काचेला नाक लावून उभी.

आता माझं म्हणणं. या सिनेमाबद्दल जिथे जिथे वाचलं तिथे रिंगोला बिचारा ठरवलेलं दिसतं, भूतकाळ पाठ सोडत नाही, समाज सुधारू देत नाही वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. रिंगोला शांतता हवी आहे असं तो म्हणतो, पण शांततेसाठी जे सोडावं लागतं ते सोडायला तो शेवटच्या श्वासापर्यंत तयार नाही, आणि ते म्हणजे त्याचं नाव.

बघा ना, लपून राहायचं असलेला माणूस गावात आल्यावर कुठे जाऊन बसतो? गावातल्या सगळ्यात मोठ्या बारमध्ये, दिवसाढवळ्या! मार्कच्या ऑफिसात बसता आलं असतं, गावाबाहेर थांबून निरोप पाठवता आला असता. हंट ब्रॉमली नावाचा गावगुंड पोरगा येऊन फुशारक्या मारतो तेव्हा रिंगो त्याला सांगतो की टेबलाखालून माझी बंदूक तुझ्यावर रोखलेली आहे. पोरगा जातो, मग कळतं की टेबलाखाली तो छोट्या चाकूने नखं साफ करत होता. आपण सगळे त्या प्रसंगाला खूश होतो. पण ती थाप चालते कशाच्या जोरावर? नावाच्या. जे नाव त्याला नकोय असं तो म्हणतो तेच तो हत्यारासारखं वापरतोय.

आणि शेवट. ब्रॉमली लपून पाठीत गोळी घालतो. मरताना रिंगो मार्कला सांगतो की बंदूक मीच आधी काढली. म्हणजे ब्रॉमलीला फाशी व्हायला नको, त्याने ‘रिंगोला मारणारा’ म्हणून जगावं आणि दर गावात कुणीतरी पोरगा त्याच्या वाटेवर उभा असावा. ज्याला बंदुकीचा खरंच वीट आलाय त्याचे शेवटचे शब्द असे असतात? माझ्या मते तो रिंगोचा शेवटचा नेम आहे आणि अजिबात चुकलेला नाही. फक्त या वेळी गोळीऐवजी खोटं वापरलं.

बोला.

कृष्णधवल

पूर्ण असहमत, आणि मुद्देसूद असहमत.

निवडुंग, तुम्ही एक गोष्ट सोडून दिलीत. केयेनमध्ये रिंगो कुणालाही मारत नाही. एकालाही नाही. म्हातारा जेरी मार्लो समोरच्या खोलीतून रायफल रोखून बसलाय कारण त्याला वाटतं आपल्या मुलाला रिंगोने मारलं, तर रिंगो मागून जाऊन त्याला पकडतो, रायफल काढून घेतो, सांगतो की तुझ्या मुलाला मी मारलेलं नाही. ब्रॉमलीला मारणं त्याला डाव्या हाताचं काम होतं, तो थाप मारून त्याला घालवतो. तुम्ही म्हणता नाव हत्यारासारखं वापरलं. अहो, मग काय वापरायला हवं होतं? हातात दोनच गोष्टी आहेत, बंदूक आणि नाव. त्याने नाव वापरलं म्हणून तो पोरगा जिवंत बाहेर गेला. ह्याला मी सुधारणा म्हणेन.

आणि एडीच्या वेळीही बघा, तो आधी एडीच्या सोबत्यांना सांगतो की ह्याला आवरा. कुणी आवरत नाही. सगळ्यांना बघायचंय. हा सिनेमा बघणाऱ्यांबद्दल आहे असं माझं मत आहे. बारमालक मॅक (कार्ल माल्डन, काय काम केलंय) रिंगोशी किती अदबीने वागतो, पण त्याच्या अंगात जो उत्साह संचारलाय तो बघा, गावाच्या इतिहासात आज काहीतरी घडतंय आणि ते आपल्या दुकानात घडतंय! खिडकीतली पोरं, त्यांना ओरडणारे मोठे, जे स्वतः पण तिथेच रेंगाळतायत. एका माणसाला बसून अंडी आणि मांस खायचंय, एवढंच त्याने मागितलंय, आणि अख्खं गाव त्याच्या मरणाची किंवा कुणाच्यातरी मरणाची वाट बघत उभं आहे. अशा ठिकाणी ‘तो कुठे बसला’ हा दोष त्याचा कसा?

शेवटच्या खोट्याबद्दल नंतर लिहितो, त्यावर बरंच बोलायचंय.

टेकडीवरचा वारा

दोघांचंही वाचतोय. एक आठवण द्यायची होती ती बायकांच्या शिष्टमंडळाची. गावातल्या प्रतिष्ठित बायका मार्शलच्या ऑफिसात येतात की ह्या खुनी माणसाचं काहीतरी करा, आणि तिथे बसलेल्या सभ्य गृहस्थाशी बोलत बसतात, तो रिंगोच आहे हे त्यांना माहीतच नाही. तो किती शांतपणे, किती आदबीने बोलतो त्यांच्याशी, दुसरी बाजू पण मांडतो. कळल्यावर त्यांची जी तारांबळ उडते ती बघण्यासारखी आहे. माझ्यासाठी कृष्णधवल यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा हाच. नाव माहीत नसेल तर हा माणूस गावात सहज खपून जातो.

बाकी पेकच्या त्या मिशीला माझा सलाम. जुन्या फोटोतल्या माणसांसारखा दिसतो तो, हिरोसारखा दिसत नाही. स्टुडिओवाल्यांना ती मिशी अजिबात आवडली नव्हती आणि सिनेमाने अपेक्षेएवढा पैसा केला नाही त्याचं खापर पण त्यांनी तिच्यावरच फोडलं. मिशी नसती तर हा माणूस इतका दमलेला वाटला असता का मला शंका आहे.

निवडुंग

@टेकडीवरचा वारा, तो प्रसंग माझ्याही बाजूचा पुरावा आहे! नाव माहीत नसेल तर तो गावात खपून जातो, बरोबर. मग नाव टाकून का देत नाही? पेगीने टाकलं. आठ वर्षं ती त्याच गावात दुसऱ्या नावाने राहतेय, मुलगा वाढवतेय, शाळा चालवतेय आणि कुणाला पत्ता नाही. मार्कने जुनं आयुष्य टाकलं आणि तो तर मार्शल झाला. म्हणजे या सिनेमातच दोन माणसं अशी आहेत ज्यांनी शांत आयुष्य मिळवून दाखवलंय. रिंगोला कोणी अडवलं होतं?

तो म्हणतो पस्तिशीचा झालो आणि जवळ एक धड घड्याळसुद्धा नाही. मला ते वाक्य ऐकून त्याची दया येते, खोटं नाही सांगत. पण ते पस्तिसाव्या वर्षी सुचलं. सत्ताविसाव्या वर्षी बायको आणि कडेवरचं पोर सोडून गेला तेव्हा नाही सुचलं.

अबोली

इतका वेळ पेगीचं नाव फक्त पुरावा म्हणून येतंय म्हणून लिहायला बसले.

तुम्ही दोघेही रिंगोला काय हवं होतं त्यावर भांडताय. पेगी त्याला काय सांगते ते कुणी नीट ऐकलंय का? आधी ती भेटायलाच नाही म्हणते. मार्क निरोप घेऊन जातो, नाही. मग मॉली, जी त्यांच्याच जुन्या साथीदाराची विधवा आहे आणि त्या सलूनमध्ये गाते, ती जाते आणि पेगी कशीबशी तयार होते. भेट होते तेव्हा रिंगो स्वप्न रंगवतो, लांब कुठेतरी जाऊ, कुणी ओळखणार नाही अशा ठिकाणी, छोटंसं रँच घेऊ. आणि ती हो म्हणत नाही. नाही पण म्हणत नाही. ती म्हणते एक वर्ष. एक वर्ष तू नीट राहून दाखव, मग बघू.

मला हा सगळ्या सिनेमातला सगळ्यात शहाणा प्रसंग वाटतो. रडारड नाही, मिठीत विरघळणं नाही. या बाईचं या माणसावर प्रेम आहे हे स्वच्छ दिसतंय (हेलन वेस्टकॉटचा चेहरा बघा तो बोलत असताना) आणि तरी ती मुदत घालते, कारण तिच्याकडे गमवण्यासारखं काहीतरी आहे आणि ते तिने एकटीने उभं केलंय. शाळेची नोकरी, गावातला मान, मुलगा. निवडुंग, तुम्ही सहज लिहिलंत ‘पेगीने नाव टाकलं’. तिला ते टाकावं लागलं कारण त्याच्या नावाने जगणं शक्यच नव्हतं. ती काही शांततेच्या शोधात निघाली नव्हती, तिला पोराला शाळेत घालायचं होतं.

आणि शांत आयुष्य म्हणजे नक्की काय हे रिंगोला माहीत आहे का? बारमध्ये त्याला एक तरुण भेटतो, लग्न झालेला, स्वतःची थोडी जमीन असलेला, आणि रिंगो त्याच्याकडे ज्या नजरेने बघतो ती मला फार लागली. पण ती बाहेरून बघणाऱ्याची नजर आहे. तिथे रोज पहाटे उठावं लागतं, पाऊस नाही पडला तर कर्ज होतं, बायकोशी भांडण झालं तर घोड्यावर बसून दुसऱ्या गावाला जाता येत नाही. पेगीची एक वर्षाची अट मला म्हणूनच योग्य वाटते. तिला त्याच्या इच्छेवर शंका नव्हती, सवयीवर होती.

कृष्णधवल

अबोलीताई, फार छान लिहिलंत. सवयीचा मुद्दा मला मान्य आहे पण तो माझ्या बाजूने घेतो. पेगी वर्षाची मुदत देते आणि रिंगो ती स्वीकारतो, वाद घालत नाही, हट्ट करत नाही. मुलाला भेटतो, गप्पा मारतो आणि मी तुझा बाप आहे हे सांगतसुद्धा नाही. आठ वर्षांनी भेटलेला बाप! पोरगा त्याच्याकडे एक प्रसिद्ध बंदूकवाला म्हणून भारावून बघतोय, आणि बाप म्हणून ओळख द्यायचा मोह किती झाला असेल, तो गिळतो. निवडुंग म्हणतात नाव सोडायला तयार नाही. इथे त्याने बाप हे नाव सोडलं की.

आता शेवटाबद्दल. रिंगो खोटं बोलतो तो सूड आहे हे अर्धं खरं आहे. ब्रॉमलीला तो जे सांगतो त्याचा अर्थ असा की तू आता हे जगून बघ. पण समजा तो खरं बोलला असता तर काय झालं असतं? ब्रॉमलीला पकडलं असतं, खटला, फाशी. आणि त्या खिडकीतल्या पोरांनी काय शिकलं असतं? की ब्रॉमली वाईट म्हणून मेला आणि रिंगो मोठा होता म्हणून त्याला पाठीतूनच मारावं लागलं. रिंगोची दंतकथा आणखी मोठी झाली असती. उलट तो म्हणतो मी आधी बंदूक काढली, म्हणजे मी हरलो, एका पोराने मला हरवलं. स्वतःचं ‘सगळ्यात जलद’ हे बिरुद तो स्वतःच्या तोंडाने मोडून टाकतो. जे नाव सोडत नव्हता असं तुम्ही म्हणता ते तिथे त्या रस्त्यावर त्याने सोडलं.

निवडुंग

सोडलं नाही, हस्तांतरित केलं. फरक आहे. बिरुद मोडलं असतं तर ते कुणाच्याच डोक्यावर राहिलं नसतं. त्याने ते उचलून ब्रॉमलीच्या डोक्यावर ठेवलं आणि खेळ चालू राहील याची व्यवस्था केली. पुढे ब्रॉमलीला मारायला जे पोरगे येतील ते ब्रॉमलीच्या हातून मरतील, त्यांचा विचार कुणी करायचा? एडीसारखे किती? रिंगोला माहीत आहे की अशा माणसाच्या वाटेवर काय होतं, त्याच्या स्वतःच्या वाटेवर मुडदे पडलेत. आणि तरी तो ते पुढे चालू ठेवतो. तुमचं ‘खिडकीतल्या पोरांनी काय शिकलं असतं’ हे मला फार आवडलं पण उत्तर उलटं आहे, पोरांनी हे शिकलं की रिंगोला मारता येतं.

रानवारा

इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो कारण मला वाटतं या वादाचं निम्मं उत्तर खऱ्या घटनांमध्ये आहे.

जॉनी रिंगो नावाचा खरा माणूस होता, ॲरिझोनात टूमस्टोनच्या आसपास वावरणारा, जुलै १८८२ मध्ये डोक्यात गोळी लागलेल्या अवस्थेत मृत सापडला आणि आत्महत्या अशी नोंद झाली. सिनेमाने त्याचं आडनाव घेतलं पण गोष्ट त्याची नाहीये. मला विचाराल तर गोष्टीचा सांगाडा जेसी जेम्स या खऱ्याखुऱ्या दरोडेखोराचा आहे.

जेसी जेम्स शेवटी शेवटी मिसुरीतल्या सेंट जोसेफ गावात थॉमस हॉवर्ड या खोट्या नावाने बायको आणि दोन मुलांसोबत राहत होता. ३ एप्रिल १८८२ ला भिंतीवरची तसबीर नीट करायला तो वळला आणि त्याच्याच टोळीत आलेल्या बॉब फोर्ड या वीस वर्षांच्या पोराने त्याला मागून गोळी घातली. सरकारने बक्षीस लावलेलं होतं, गव्हर्नर क्रिटेंडनशी आधी बोलणं झालेलं होतं. फोर्डला खुनासाठी फाशीची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी गव्हर्नरने माफी दिली. मग फोर्डचं काय झालं? तो आणि त्याचा भाऊ रंगमंचावर तो खून करून दाखवायचे, लोक तिकीट काढून यायचे आणि भित्रा म्हणून हुर्यो उडवायचे. भावाने १८८४ मध्ये आत्महत्या केली. बॉब फोर्डला जून १८९२ मध्ये कोलोरॅडोतल्या क्रीड गावात, त्याच्याच तंबूतल्या बारमध्ये, एडवर्ड ओकेली नावाच्या माणसाने शॉटगनने मारलं. म्हणजे ब्रॉमलीचं पुढे काय होणार हे १९५० साली कुणाला कल्पनेने रचायची गरज नव्हती, ते घडून गेलेलं होतं.

आणि हे लक्षात घ्या, द गनफायटरचा दिग्दर्शक हेन्री किंग यानेच १९३९ मध्ये जेसी जेम्सवर सिनेमा केलेला आहे, टायरन पॉवरला घेऊन, आणि तो लिहिला होता ननली जॉन्सनने, जो द गनफायटरचा निर्माता आहे. म्हणजे पाठीत गोळी हा प्रसंग या दोघांनी मिळून अकरा वर्षं आधी एकदा रंगवलेला होता. तिथे जेसी मेल्यावर त्याचा गौरव करूनच सिनेमा संपतो. इथे त्यांनी मारणाऱ्याचं पुढे काय हा प्रश्न हातात घेतला. मला यात वाढलेलं वय दिसतं, मधे महायुद्ध होऊन गेलेलं दिसतं.

कथेसाठी विल्यम बॉवर्स आणि आंद्रे द तॉथ यांना ऑस्करचं नामांकन होतं, त्यामुळे सगळं श्रेय किंग आणि जॉन्सनला देत नाहीये. पण शेवटावर त्यांचा हात फिरलेला आहे. आधीच्या शेवटात मार्शल ब्रॉमलीला अटक करतो असं होतं, स्टुडिओचा प्रमुख झॅनक त्यावर भडकला की एवढ्या नीच कामाला एवढीच शिक्षा? मग तो भाग बदलला. आता आपण जो पाहतो त्यात मार्क ब्रॉमलीला आडोशाला नेऊन बेदम मारतो आणि गावाबाहेर काढतो.

आता निवडुंग यांचा प्रश्न, शांत आयुष्य कुणाला मिळालं? फ्रँक जेम्सला मिळालं. जेसीचा सख्खा मोठा भाऊ, त्याच टोळीतला. भाऊ मेल्यावर सहा महिन्यांनी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, तो स्वतः क्रिटेंडनसमोर गेला आणि कमरेचा पट्टा बंदुकीसकट त्याच्या हातात दिला. खटले झाले, निर्दोष सुटला. मग बुटाच्या दुकानात विक्रेता, थिएटरच्या दारात उभा राहणारा, घोड्यांच्या शर्यतीत सुरुवात करून देणारा, अशी कामं करत १९१५ पर्यंत जगला आणि अंथरुणात मेला. म्हातारपणी घरच्या शेतावर येणाऱ्या लोकांकडून पैसे घेऊन जागा दाखवायचा. नाव टाकलं नाही त्याने. फ्रँक जेम्स म्हणूनच जगला. बंदूक दिली.

अबोली

रानवारा, फ्रँक जेम्सचं हे मला माहीत नव्हतं, आणि ते वाचून पेगीची अट आणखी पटली. दिलेल्या मुदतीत बंदूक कुठे ठेवायची हा प्रश्न ती न विचारता विचारते.

पण एक फरक. फ्रँक जेम्सच्या बाजूने लोक होते. तो मिसुरीचा, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला, ज्यूरीतली माणसं त्याच्याच विचारांची. रिंगोचं असं गाव कुठलंय? त्याला ओळखणारे सगळीकडे आणि त्याचे असे फक्त तिघं, मार्क, मॉली, पेगी. तो बंदूक कुणाच्या हातात देणार होता?

निवडुंग

मार्कच्या! मार्क समोरच उभा होता. जुना मित्र, आता कायद्याचा माणूस. याहून चांगला हात कुठला मिळणार होता? रानवारा यांनी माझं काम सोपं केलं, आभार. फ्रँकने बंदूक दिली आणि बत्तीस वर्षं जगला. रिंगो मार्कला म्हणू शकला असता की मला आत घे, खटला चालव, जे व्हायचं ते होऊ दे. तो असा विचारही करत नाही. त्याला शांतता हवी आहे पण हिशेब न चुकवता.

कृष्णधवल

आणि एडीचे तीन भाऊ? मार्कने आत घेतला असता तर ते तुरुंगाच्या दारात आले असते. फ्रँकच्या मागे तीन भाऊ येत नव्हते. तुम्ही एका माणसाचं नशीब दुसऱ्याच्या तराजूत तोलताय. शिवाय सिनेमात रिंगोवर तिथे कुठला गुन्हा दाखल आहे? मार्क त्याला अटक करत नाही, फक्त जा म्हणतो, कारण कायद्याने त्याला धरण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. एडी तर स्वसंरक्षणात मेला, साक्षीदार होते. मग शरण कशासाठी जायचं? ‘माझं नाव मोठं झालंय, मला पकडा’ असं?

कायदा त्याला सोडतो आणि लोक सोडत नाहीत, हाच तर पेच आहे. निवडुंग, तुम्ही पुन्हा पुन्हा त्याला एखादं कलम शोधून देताय ज्याखाली तो दोषी ठरेल.

आणि ते भाऊ पकडले जातात हे विसरू नका. ज्या धोक्याकडे आपण घड्याळ बघत सव्वा तास डोळे लावून बसलोय तो धोका टळतो! रिंगो घोड्यावर बसलाय, बायकोने आशा दिलीय, मुलाला पाहिलंय, सगळं जुळलंय, आणि गोळी येते ती भलत्याच कोपऱ्यातून, ज्या पोराला आपण फुसका म्हणून सोडून दिलेलं. ह्यात रिंगोची चूक कुठे? तो पोरगा त्याने दयेपोटी जिवंत सोडला होता.

टेकडीवरचा वारा

+१ या शेवटच्या परिच्छेदाला. पहिल्यांदा बघताना मी अक्षरशः उठून उभा राहिलो होतो.

निवडुंग, एक विचारतो. पस्तिशीचा रिंगो मेला नसता आणि वर्षभराने परत आला असता तर पेगीने दार उघडलं असतं असं तुम्हाला वाटतं का? मला वाटतं उघडलं असतं. आणि मला असंही वाटतं की तो आला असता.

निवडुंग

पेगीने उघडलं असतं, हो. तो आला असता की नाही, माझं उत्तर नाही. सहा महिन्यांत कुठल्यातरी बारमध्ये कुठलातरी एडी उभा राहिला असता आणि रिंगो त्या बारमध्ये असता, कारण त्याला दुसरीकडे कुठे बसायचं ते माहीतच नाही. अबोलीताईंचा सवयीचा मुद्दा मला म्हणूनच या धाग्यातला सगळ्यात खरा वाटतो.

पण कृष्णधवल, कायदा सोडतो आणि लोक सोडत नाहीत हे तुमचं म्हणणं धरून चाललो तरी माझा शेवटाचा आक्षेप तसाच राहतो. लोक सोडत नाहीत ह्याचा जो त्रास त्याने भोगला तोच त्रास तो मुद्दाम ठरवून एका दुसऱ्या माणसाला देतो. कितीही नालायक असला तरी तो वीस-बावीस वर्षांचा पोरगा आहे. रिंगो स्वतः त्या वयाचा असताना असाच नव्हता का? सिनेमात सुचवलेलं आहे की होता. स्वतःच्या तरुणपणाला तो शाप देतोय असं मला दिसतं, आणि ते फार भयंकर आहे. उदात्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रानवारा

भयंकर आहेच. पण त्यात मार्कचा भाग कुणी धरत नाहीये. मार्कला सगळं माहीत आहे. तो मार्शल आहे, गोळी पाठीत लागलीय, रिंगोचं खोटं त्याला ऐकताक्षणी कळलेलं आहे. तरी तो ते खोटं धरून चालतो आणि ब्रॉमलीला अटक करत नाही. मित्राचा शेवटचा शब्द राखण्यासाठी कायद्याचा माणूस कायदा बाजूला ठेवतो, वर हाताने मारतो ते वेगळंच. म्हणजे इतकी वर्षं ज्याने सगळ्यात पक्कं शांत आयुष्य कमावलं होतं त्याला रिंगोने मरता मरता पुन्हा टोळीत ओढला की नाही?

अबोली

मार्कबद्दल पटलं नाही. तो टोळीत ओढला गेला नाही, तो मित्र म्हणून वागला, दोन्ही वेगळं आहे. मारहाण मलाही खटकते.

पण पेगीला रिंगोने काय दिलं ते बघा. अंत्यविधीच्या वेळी चर्च ओसंडून वाहतंय, बाहेर पण गर्दी, सगळे बघे, आणि ती मुलाचा हात धरून येते आणि सगळ्यांसमोर सांगते की मी जिमी रिंगोची बायको. आठ वर्षं लपवलेलं नाव ती स्वतःहून घेते. मार्क, मॉली, पेगी, तिघांनीही त्याच्यासाठी स्वतःच्या शांततेला धक्का लावून घेतलाय. पेगीची नोकरी त्या गावात त्यानंतर टिकली असेल का, मुलाला ‘रिंगोचा पोरगा’ म्हणून शाळेत कोण कोण डिवचेल, दहा वर्षांनी त्याच्यासमोर कुठला ब्रॉमली उभा राहील, ह्यातलं तिला काहीच कळत नव्हतं असं मी मानणार नाही. मला तिचा तो निर्णय चुकीचा वाटतो का तेच ठरत नाहीये. ती बायको म्हणून बरोबर वागली आणि आई म्हणून धोका पत्करला.

कृष्णधवल

आई म्हणूनही बरोबरच वागली असं म्हणेन. पोराला बाप कोण ते एक ना एक दिवस कळणारच होतं, ते मॅकच्या बारमधल्या कुणाकडून कळण्यापेक्षा आईच्या तोंडून, हात धरलेला असताना कळलं. आणि निवडुंग, तुमच्या शापाच्या मुद्द्यावर मी अजून तिथेच आहे, पण तो मुलगा मोठा झाल्यावर त्याला बापाच्या मरणाची कुठली हकीकत ऐकवली जाईल याचा विचार करा. पाठीत गोळी घातली हे कळलं असतं तर त्याने बंदूक उचलली असती. बापाने आधी काढली आणि हरला हे कळलं तर उचलायचं कारण उरत नाही. ते खोटं ब्रॉमलीसाठी होतं तेवढंच त्या पोरासाठी होतं असं मला वाटतं.

निवडुंग

हे नवीन आहे, आणि यावर मला परत सिनेमा लावून तो शेवट बघावा लागेल. पण लगेच एक शंका. गोळी पाठीत लागलेली अर्ध्या गावाने पाहिली. रिंगो काही म्हणाला तरी गावात बोलायचं ते बोललं जाणारच, ते पोराच्या कानावर जाणारच. मग पोरासाठीचं खोटं टिकणार कसं?